पहिला रॉड कुठला घेऊ?

भावा, वेल्डिंग मशीन घेतलंस ते झकास केलंस. आता चार-पाच प्रकारचे रॉड गोळा करत बसू नकोस. उद्यमनगरात वेल्डिंगच्या दुकानात जा आणि ६०१३ नंबरच्या रॉडचा, अडीच एमएम जाडीचा एक पुडा आण. एसी-डीसी दोन्हीवर चालतो, आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणारी विजेची ज्योत) पटकन धरतो. ७०१८ नंबरचा रॉड नंतर बघू.

सरावाला ५ एमएमची पट्टी घे, पत्रा नको. पत्र्याला भोकं पडली की नवीन माणूस खचतो. ८० अँपिअरवर सुरुवात कर. रॉड सारखा चिकटला तर थोडं वाढव. वेल्डच्या कडेला लोखंड खणलं जात असेल, रॉड लाल होत असेल तर कमी कर.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या:
- अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर, गंजावर लावणं. आधी ग्राइंडर मारून लोखंड उघडं कर.
- आर्क लांब धरणं. रॉडच्या जाडीएवढंच अंतर हवं. कढईत भजी तळताना येतो तसा सलग आवाज आला पाहिजे. फटफट झाली की समज, हात वर गेला.
- खपली (वेल्डवर जमणारा काचेसारखा मळीचा थर) न काढता वरून दुसरा थर मारणं.

रॉड कोरडे ठेव, हे मी कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या पावसात माझा एक उघडा पुडा ओलावला होता. वेल्डभर बारीक छिद्रं पडायची आणि मी दोन दिवस मशीन तपासत होतो. घट्ट झाकणाचा डबा वापर.

तोंडावरच्या मास्कची काळी काच १० किंवा ११ नंबरची, अंगात सुती पूर्ण बाह्या. आणि जस्त चढवलेल्या पाइपला एवढ्यात हात लावू नकोस, तो धूर बाधतो.