अमेरिकेतून फोन मागवू का?

प्रश्न: दिवाळीत भाचा कॅलिफोर्नियाहून येतोय, आयफोन आणि लॅपटॉप त्यालाच आणायला सांगू का? खरंच स्वस्त पडतं?

उत्तर: लॅपटॉप बिनधास्त मागवा, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो, फक्त चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघायला सांगा. फोनचं मात्र थांबा हो. तिकडे पाटीवरची किंमत टॅक्स सोडून असते, कॅलिफोर्नियात वर किमान ७.२५ टक्के लागतात, आणि २०२२ च्या आयफोन १४ पासून तिकडच्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, म्हणजे ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्यावंच लागणार, फोन बिघडला तर सिम काढून दुसऱ्यात घातलं असं होत नाही. इथे सेलमधलं कार्डावरचं डिस्काउंट, जुन्या फोनचं एक्स्चेंज धरलं की फरक बराच कमी होतो, त्यामुळे फोन इथूनच घ्या.