लाईट आल्यावर '@रीबूट'वाली स्क्रिप्ट चालत नाही, काय करावं?

रास्पबेरी पाय 4 वर (छोटा, एकाच बोर्डाचा कॉम्प्युटर) पाऊस मोजून सर्व्हरवर पाठवणारी पायथन स्क्रिप्ट आहे, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम) '@रीबूट', म्हणजे मशीन सुरू होताच चालव, अशी ओळ आहे, हाताने चालवली की चालते, लाईट जाऊन आली की नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अंदाजाने ती सुरू होते, पण लगेच मरते.

आमच्या गुहागरला जून लागला की लाईट किती वेळा गेली हे कोणी मोजत नाही. लाईट आली की पाय झटकन उठतो. राउटर सावकाश, आणि पलीकडचं इंटरनेट त्याच्या मर्जीने. क्रॉन कोणासाठी थांबत नाही: स्क्रिप्टला सर्व्हर सापडला नाही की ती संपते आणि क्रॉन पुन्हा बघायला येत नाही. त्यात क्रॉनचा पाथही (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) तोकडा.

जुन्या लेखांत आरसी डॉट लोकल (मशीन सुरू होताना चालणारी जुन्या पद्धतीची फाइल) सुचवलेलं दिसेल, ते सोडा. पायची ओएस ज्यावर बेतलीय त्या डेबियनने 2015 साली आठव्या आवृत्तीपासून सिस्टमडी (मशीन सुरू झाल्यावर प्रोग्राम चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) घेतलंय, तेच वापरा.

/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टममध्ये पाऊस डॉट सर्व्हिस अशी फाइल करा (नावासकट सगळं रोमन अक्षरांत, मराठी नाव चालत नाही). युनिट विभागात आफ्टर आणि वॉन्ट्स, दोन्हींपुढे नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट (टार्गेट म्हणजे सुरू होतानाचा एक टप्पा, इथे नेटवर्क जोडलं गेल्याचा). नुसत्या आफ्टरने फक्त क्रम ठरतो, ते टार्गेट सुरू करायला लावतं वॉन्ट्स. सर्व्हिस विभागात एक्झेकस्टार्टपुढे पायथन आणि स्क्रिप्ट दोन्हींचा पूर्ण पाथ, यूजरपुढे तुमचं यूजरनेम. इन्स्टॉल विभागात वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर डॉट टार्गेट. मग सिस्टमसीटीएल या कमांडने डेमन-रीलोड (नवी फाइल वाचायला लावणं), नंतर इनेबल (दर वेळी आपोआप सुरू करायला सांगणं). क्रॉनमधली ओळ काढून टाका, नाहीतर एकाच पावसाच्या दोन नोंदी होतील.

एवढ्यानेही भागेलच असं नाही. वायफाय जोडलं गेलं म्हणजे इंटरनेट आलं असं होत नाही, आणि टार्गेटला त्यातलं पहिलंच कळतं. म्हणून सर्व्हिस विभागात रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर आणि रीस्टार्टसेक=30 या ओळी हव्यातच. दुसरी गाळू नका. ती नसेल तर सिस्टमडी दर वेळी फक्त 100 मिलिसेकंद थांबतं, आणि 10 सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की नाद सोडतं. तोवर राउटरचे दिवेही धड लागलेले नसतात.

तरीही अडलं तर 'जर्नलसीटीएल -यू पाऊस -बी' ही कमांड देऊन सिस्टमडीचा लॉग बघा. पाय 4 मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे नेट येईपर्यंतच्या ओळींवर जुनीच वेळ दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. पावसाच्या नोंदीची वेळ मात्र शक्यतो सर्व्हरवरच टाका.