वर्गाची स्मरणिका प्रथमच संपादित करताना

तुमच्या वर्गाच्या निरोपाच्या स्मरणिकेचे काम तुम्ही हाती घेतले, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला आठवणी परीक्षेपूर्वीच गोळा करा, कारण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वसतिगृहातील मुले तोवर गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे परतलेली असतात. ‘ते सोनेरी दिवस’ असले मोघम लेखन स्वीकारू नका. फुटाळा तलावाच्या काठावरची एखादी संध्याकाळ किंवा तर्री-पोह्यांच्या गाडीवर रंगलेला वाद, असा नेमका प्रसंग मागा. नवखे संपादक बहुधा बोलक्या मित्रांचेच लेख घेतात. मीही तसेच केले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीचे नावच राहून गेले, याची खंत आजही वाटते; म्हणून हजेरीपट समोर ठेवूनच यादी करा. मांडणी आणि छपाईचे नंतर पाहू.