चौदा हजारांचं बेअरिंग की साडेचार लाखांची गाडी?

तुम्ही विचारता: मालवणात होमस्टे, २०१३ची चार सिलिंडरची डिझेल गाडी. इंजिन तापलं की आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ऑइलचा दिवा लुकलुकतो, खालून ठकठक येते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन न उतरवता खालूनच बेअरिंग (क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, ज्यांत फिरतो ती कवचं) बदलू, १४,००० रुपये. पूर्ण इंजिनकाम ९५,०००. नाहीतर गाडी आहे तशी १,१०,०००ला द्यायची आणि ३,४०,०००चं कर्ज काढून साडेचार लाखांची जुनी गाडी घ्यायची. तुमचा कल कर्जाकडे आहे. माझा नाही.

१३ टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता साधारण ९,१२० रुपये बसतो. नुसतं व्याजच ९७,०००च्या वर जातं, म्हणजे इंजिनकामापेक्षा जास्त. आणि पदरात काय, तर दुसऱ्याने वापरलेलं इंजिन. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असल्या तरी हप्ता थांबत नाही.

पण १४,०००चं काम त्याहून फसवं. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून बेअरिंग बदलता येतात, मात्र क्रँक जागेवरच राहतो आणि मेन जर्नल (क्रँकचे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसणारे गोल भाग) नीट मोजता येत नाहीत. ठकठक सुरू झाली म्हणजे बहुधा एखादा क्रँकपिन (क्रँकचा पिस्टनचा रॉड जिथे बसतो तो भाग) ओरखडला आहे किंवा लंबगोल झाला आहे. त्यावर नवं स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाचं, बेअरिंग टिकत नाही. ते आपल्या बैठकीत घसरून फिरलं तर रॉड आणि क्रँक दोन्ही जातात.

म्हणून आधी स्वस्तातल्या दोन तपासण्या. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून तापलेल्या इंजिनाचं प्रेशर बघा. ते ठीक निघालं तर दिव्याचा दोष स्विचचा, आणि आवाजाचं कारण दुसरीकडे शोधायचं. मग रॅम्पवर चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकून बघा. खाऱ्या हवेने पापुद्रे सुटत असतील तर इंजिनावर रुपयाही घालू नका, न उघडता विका. उघडलेल्या इंजिनाच्या गाडीला १,१०,००० कोणी देणार नाही.

चासी शाबूत असेल तर इंजिन उतरवा, पण उघडण्या-मोजण्याची मजुरी आधी वेगळी ठरवा. लेथवाल्याने पाचही मेन आणि चारही बिगएंड जर्नल (म्हणजे क्रँकपिन) मायक्रोमीटरने काटकोनात दोनदा मोजावेत आणि आकडे लिहून द्यावेत. मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असतील तर ग्राइंडिंग आणि ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलच्या मापाचं, बेअरिंग. बेअरिंग सेटने येतात, तेव्हा चारही बिगएंड एकाच मापाला आणावे लागतात. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली ऑइलची भोकं ब्रशने साफ झालीच पाहिजेत, नाहीतर तिथे अडकलेला कीस पहिल्याच दिवशी नवं बेअरिंग खातो. बेअरिंगवरच्या कॅप अदलाबदल न होता आपापल्या जागी, आणि ठरल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच बसवाव्यात. ऑइल पंप, स्ट्रेनर (ऑइलची जाळी) आणि थ्रस्ट वॉशर (क्रँक पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या) ९५,०००मध्ये धरलेत का, हे लेखी घ्या. प्रेशर कशामुळे पडलं ते सापडलं नाही, तर नवा सेटही त्याच वाटेने जाईल.

पैसे कुठून? तुमची दीड लाखाची एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं, आणि दिवाळीपासून पर्यटक आले की फेडता येतं. विम्याची आशा नको, झिजेचा खर्च मोटर पॉलिसीत येत नाही. २०२८ला गाडीला पंधरा वर्षं भरतील. तेव्हा फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. इंजिन दोनच वर्षं चाललं असं धरलं तरी महिन्याला ४,०००च्या आत पडतं.

क्रँकला तडा निघाला आणि एकूण अंदाज १,२५,०००च्या वर गेला, तर मात्र थांबा आणि गाडी भंगाराच्या भावाने गेली तरी जाऊ द्या.

आणि ‘मे संपेपर्यंत रेटतो’ म्हणता, ते नको. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर ९५,०००चा पर्यायच उरत नाही. तोवर बाजारहाटाला भाड्याची गाडी परवडेल.