वेस्ट बँकेत पहिल्यांदाच जाताना

ऑक्टोबरात वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, ऑलिव्हच्या तोडणीला जातोयस हे वाचून फार बरं वाटलं. एक आग्रह आहे: दिवसाचं वेळापत्रक यजमानांवर सोड. रामल्ला ते जेरुसलेम अंतर जेमतेम १५ किलोमीटर, पण मध्ये कलंदियाचा इस्रायली लष्करी तपासणी नाका. तुझा भारतीय पासपोर्ट बघून तुला पुढे सोडतील. शेजारच्या पॅलेस्टिनी तरुणाकडे जेरुसलेमला जायचा इस्रायली परवाना नसला तर तो तिथूनच मागे फिरेल. राग येईल, यायलाच हवा. पण तिथे हुज्जत घालू नकोस, सैनिकांचे फोटो काढू नकोस. तू विमानाने घरी येशील, निस्तरावं तिथल्या पॅलेस्टिनींना लागेल.

हेब्रॉनला जाच. १९९७च्या कराराने शहराची दोन भागांत वाटणी झाली: एक पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, दुसरा इस्रायली लष्कराच्या ताब्यात. जुन्या बाजारात मान वर करून बघ. गल्लीवर जाळी ताणलेली आहे आणि वरच्या इस्रायली वसाहतीतून फेकलेल्या बाटल्या, विटा, कचरा तिच्यात अडकलेला दिसतो. खाली दुकानदार रोजच्यासारखा माल मांडून बसलेला असतो. त्याच्याकडून काहीतरी विकत घे, घासाघीस न करता. हेब्रॉनमधल्याच शुहादा रस्त्यावर तुला चालता येईल. त्याच्या बऱ्याच भागात पॅलेस्टिनींना मात्र मज्जाव आहे.

घरांच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या असतात. उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी नळाला दिवसेंदिवस पाणी नसतं, म्हणून अंघोळ आटोपशीर कर. राजकारणाचे प्रश्न आधी काढू नकोस. झाडं कुणी लावली, मुलं शाळेत कशी जातात, हे विचार. बाकीचं ते आपणहून सांगतील. कुणाचंही नाव किंवा चेहरा इंटरनेटवर टाकण्याआधी मात्र स्पष्ट परवानगी घे.