सोलापूर–पुणे प्रवासात इलेक्ट्रिक कारची रेंज सांगितल्यापेक्षा कमी का भरते?

सगळ्यात मोठं कारण वेग. कंपनीचा रेंजचा (एका चार्जमध्ये गाडी किती अंतर जाईल याचा) आकडा ठरलेल्या चाचणीतला असतो आणि त्या चाचणीचा सरासरी वेग हायवेपेक्षा बराच कमी असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो जवळपास दीडपट होतो. मोहोळ सोडल्यावर रस्ता मोकळा मिळतो आणि पाय आपोआप दाबला जातो, तिथेच बॅटरी उतरते. शहरात ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. हायवेवर ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत काय मिळणार?

दुसरं, आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, त्यामुळे एसी तर लागतोच, शिवाय बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते. एसीचा खर्च तासावर असतो, किलोमीटरवर नाही. म्हणून सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत तो जास्त जाणवतो. चार्जिंगला लावलेली असतानाच गाडी थंड करून निघा, खरंच फरक पडतो.

टायरमधली हवा, टपावरचं सामान, समोरचा वारा हेही आहेच. मी तर ८०-८५ च्या वर जाऊच नका म्हणेन, आणि टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यातला चार्जर चालू आहे का हे निघण्याआधी ॲपवर बघा.