हिरव्या कापडाचे आठवडे

प्रिय पोरी,

नाताळ आणि ईस्टर सोडून उरलेलं चर्चचं उपासना वर्ष जगायचं कसं, त्यासाठी रोज काय काय करायचं, याची यादी तू मागितलीस. यादी पाठवत नाही. पुण्याच्या नोकरीत याद्यांना तोटा नसणार, आणि चर्चच्या वर्षाची यादी केलीस की तेही एक काम होऊन बसेल.

माझ्या मते हे वर्ष तुझ्याकडून जास्तीचं फारसं काही मागतच नाही. ते ठरलेल्या वेळी काही गोष्टी काढून घेतं आणि ठरलेल्या वेळी परत देतं. वेदीची कापडं बदलणाऱ्या आम्हा बायकांना हे लवकर उमगतं, कारण कपाटातून काय काढायचं आणि काय आत ठेवायचं एवढंच आमचं काम.

उपवासकाळ घे, ईस्टरच्या तयारीचे आठवडे. कपाळावर राख लावून तो सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारपासून आलेलुयाचा जयघोष बंद. रविवारचं गौरवगीत बंद. वेदीवर फुलं नाहीत. मधल्या चौथ्या रविवारी तेवढी सूट, त्या दिवशी फादर गुलाबी झगाही घालू शकतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी गौरवगीत परत येतं, सगळ्या घंटा एकदम वाजतात आणि मग थेट पास्का जागरणापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, मुक्या होतात. त्या गुरुवारी रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर आम्ही वेदी उघडी करतो. मेणबत्त्या उचलायच्या, चादर घडी करायची, क्रूस हलवायचा. खाली नुसता दगड राहतो, त्यावर मेणाचे जुने डाग असतात, ते एरवी कुणाला दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, मिस्साच नसतो. वर्षभर ज्याची सवय झाली तेच नाही, हे शरीराला आधी जाणवतं, डोक्याला मागाहून. प्रवचनातून मला हे कुणी शिकवू शकलं नसतं.

तर यंदाच्या उपवासकाळात एक नवी भक्ती सुरू करण्यापेक्षा एक गोष्ट काढ. मटण सोडतेसच, ते आपल्याकडे घरोघरी चालतं. कानातलं ते यंत्र काढ. ऑफिसला जाता-येता काही ऐकू नकोस. सक्तीचे उपास चर्चने दोनच ठेवलेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेव्हा पराक्रम गाजवायची गरज नाही. आणि कपाळावरची राख ऑफिसात मिरवायची की पुसायची, हे विचारलंस ना? त्याच दिवशीचं शुभवर्तमान वाच, मत्तय सहावा अध्याय. उपास करशील तेव्हा तोंड धू, असं येशूच सांगतो. राख लावायची आणि हे वाचायचं, दोन्ही एकाच मिस्सात. मला यात चर्चचा थोडा मिश्कीलपणा दिसतो.

ईस्टरची तारीख दरवर्षी हलते म्हणून तुझ्या मैत्रिणी वैतागतात म्हणे. त्यांना कालनिर्णय दाखव. २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. बहुतेक वर्षी ती चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंतीचीच असते. कधी फाल्गुनातली येते. २०२४ मध्ये धुळवड सोमवारी झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी ३१ मार्चला ईस्टर आला. तिथीने सण मोजणाऱ्या माणसांना यात नवल वाटायला नको.

आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघायचे आठवडे, मात्र आता शहरात सांभाळणं कठीण. नोव्हेंबर संपायच्या आत मॉलमध्ये नाताळची गाणी सुरू होतात. ऑफिसची पार्टी १५ डिसेंबरला असेल तर जा, केक खा, तोंड वाकडं करू नकोस. पण तुझ्या खोलीत थांब. गोठा मांड, गाय, मेंढपाळ, मारिया, योसेफ सगळे मांड, बाळाची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी राहू दे. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या प्रार्थनेत येणाऱ्या ख्रिस्ताला रोज वेगळ्या नावाने हाक मारतात: हे ज्ञाना, हे प्रभू, हे इशायाच्या अंकुरा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या तेजा, हे राष्ट्रांच्या राजा, आणि शेवटी हे इम्मानुएल. झोपण्यापूर्वी त्या दिवसाची एक हाक पुरे. आणि २६ तारखेला सगळे कंदील उतरवतील तेव्हा तुझा लटकत ठेव. नाताळचा काळ जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. शेजारी विचारतील, सांग की अजून चालू आहे.

आता खरा भाग, ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस. सामान्य काळ. वर्षातले ३३ किंवा ३४ आठवडे, अर्ध्याहून जास्त वर्ष, आणि त्याला ना गाणी ना मिठाई. कापड हिरवं. त्याचा मोठा तुकडा पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणानंतर, सुरू होतो, तो थेट नोव्हेंबरअखेर ख्रिस्तराजाच्या सणाच्या आठवड्यापर्यंत. हे ठरवताना रोममध्ये कुणी आपल्या पावसाचा विचार केला नसणार, पण वसईत वेदीवर हिरवं कापड पडतं आणि थोड्याच दिवसांत बाहेर भाताची रोपं वर येतात. लावणी, बेणणी, कापणी, सगळं या एका रंगात होतं. मध्ये २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन. गोव्यात त्या दिवशी डोक्याला फुलापानांची कोपेलं बांधून पोरं विहिरीत उड्या मारतात. अलिशिबेच्या पोटात योहान सहा महिन्यांचा असताना मारियेला येशूच्या जन्माचा निरोप मिळाला, म्हणून त्याचा सण नाताळच्या सहा महिने आधी. तेव्हापासून दिवस लहान होऊ लागतो. ‘त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा’ हे योहानाचं म्हणणं आठव. २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन घरी येतेसच, ते सांगायला नको.

या आठवड्यांत काढून घेतलेलं काहीच नसतं, म्हणून ते कंटाळवाणे वाटतात. तिथे एकच करायचं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. येशूची गोष्ट लिहिणाऱ्या या तिघांपैकी त्या वर्षाच्या सुवार्तिकाला सोडू नकोस. २०२६ चा आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होईल, तेव्हापासून मार्क. तो इतका आटोपशीर, सोळाच अध्यायांचा, की ऐन पावसाळ्यात पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय, भाकरीचा, उसना घ्यावा लागतो. लोक तेव्हा कुरकुरतात, पुन्हा भाकरच का म्हणून. फादरही पाचव्या रविवारपर्यंत थकलेले असतात. तू थकू नकोस, त्या अध्यायातही शेवटी बरेच जण येशूला सोडून निघून जातात आणि त्याचा शिष्य पेत्र थांबतो.

एखादा महिना हातातून निसटला तर मागचं भरून काढत बसू नकोस. प्रोजेक्टच्या गडबडीत ते होणारच. ज्या रविवारी जाशील त्या रविवारचं वाच. मार्कचा पहिला अध्याय तर बसमध्ये स्टॉप यायच्या आत वाचून होतो.

तुझी,
मावशी